उडत्या तबकड्या उच्च मितीतून येत असतील का?

प्रश्न असा आहे: आकाशात दिसणाऱ्या ज्या अज्ञात वस्तूंना आपण सवयीने उडत्या तबकड्या म्हणतो, त्या दूरच्या ग्रहावरून आलेली याने नसून मुळातच अभौतिक असतील का, किंवा आपल्या तीन मितींपलीकडच्या एखाद्या मितीतून इथे डोकावत असतील का? विचारणाऱ्याने सोबत तीन कारणे दिली आहेत. या वस्तू एका क्षणात प्रकटतात आणि नाहीशा होतात, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाऊनही आवाज करत नाहीत, आणि कोणत्याही विमानाच्या सांगाड्याला सोसणार नाहीत अशी वळणे घेतात. मग त्या आपल्यासारख्या पदार्थाच्या बनलेल्या असतीलच कशा?

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत आलो आणि त्याच्या जोडीने लोकांनी कळवलेल्या अशा दर्शनांची शहानिशा करत आलो, त्यामुळे माझे मत आधी सांगून टाकतो. ‘अभौतिक’ या शब्दातून इथे फारसे काही हाती लागत नाही. उच्च मितींची कल्पना मात्र तशी नाही. ती गूढ वाटत असली तरी तिच्यामागचे गणित पक्के आहे, आणि गणित पक्के असल्यामुळेच ती कोणत्याही कुलपाला लागणारी किल्ली होऊ शकत नाही. चौथ्या मितीतून काही आले तर ते कसे दिसेल, कसा आवाज करील, मागे काय ठेवून जाईल, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते, आणि आजवरच्या नोंदी त्या अपेक्षांशी ताडून पाहिल्या तर त्या जुळत नाहीत.

ही कल्पना आली कुठून, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने अमेरिकेतील माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या आणि पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती असे सांगितले. वृत्तपत्रांनी चालीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि ‘उडती तबकडी’ जन्माला आली. परग्रहावरील यानांची उपपत्ती त्यानंतर लवकरच रुळली. पण मीड लेन यांच्यासारख्या गूढविद्येच्या अभ्यासकांनी त्याच सुमारास ही याने दुसऱ्या ग्रहावरून येत नसून आपल्याच जगाशेजारच्या सूक्ष्म ‘ईथर’च्या प्रदेशातून येतात असे म्हणायला सुरुवात केली होती. पुढे जॉन कील या पत्रकाराने तोच धागा पकडला. पण या मताला खरे वजन दिले ते जाक व्हाले यांनी. ते खगोलशास्त्र शिकलेले संगणकशास्त्रज्ञ आहेत, आणि 1990 मध्ये त्यांनी परग्रह-उपपत्तीविरुद्ध पाच मुद्दे मांडणारा एक निबंध प्रसिद्ध केला: पृथ्वीच्या सर्वेक्षणासाठी लागतील त्याहून कितीतरी अधिक भेटी नोंदल्या गेल्या आहेत; सांगितले जाणारे प्राणी संशयास्पदरीत्या माणसासारखे असतात; अपहरणाच्या कथांतील कथित प्रयोग विज्ञानाच्या दृष्टीने पोरकट आहेत; असल्या कथा आधुनिक काळापुरत्या मर्यादित नाहीत; आणि या वस्तू स्थलकालाशी खेळताना दिसतात.

यांपैकी पहिले चार मुद्दे मला सबळ वाटतात, आणि व्हाले यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी आपल्याच गोटातील आवडत्या समजुतीवर घाव घातला. पण त्या चार मुद्द्यांतून निघते ते इतकेच की परग्रहावरील यानांची उपपत्ती लंगडी आहे. पहिला संशयित निर्दोष ठरला म्हणून दुसरा आपोआप गुन्हेगार ठरत नाही. आणि माणसासारखे प्राणी, पोरकट प्रयोग व लोककथांशी साम्य हे तिन्ही धागे नीट धरले तर ते दुसऱ्या मितीपेक्षा माणसाच्या मनाकडेच जास्त सरळ जातात.

आता ‘अभौतिक’ या शब्दाचे पाहू. एखाद्याने रात्री आकाशात प्रकाश पाहिला, याचा अर्थ प्रकाशकण त्याच्या डोळ्यात शिरले आणि दृष्टिपटलातील रेणूंचा आकार त्यांनी बदलला. कॅमेऱ्याने चित्र टिपले, याचा अर्थ संवेदकातील इलेक्ट्रॉन जागचे हलले. रडारवर प्रतिध्वनी आला, याचा अर्थ रेडिओलहरींनी कुठल्यातरी विद्युतभारांना हलवले आणि त्या भारांनी लहर परत पाठवली. जी गोष्ट इलेक्ट्रॉनला ढकलू शकते ती निदान त्या ढकलण्यापुरती भौतिक आहे, तिचे मूळ काहीही असो. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर बाहेर काहीतरी होते आणि त्याने प्रकाश पाठवला, मग ते मोजता येते. किंवा बाहेर काही नव्हते आणि अनुभव पाहणाऱ्याच्या आतच घडला, आणि ही शक्यताही पूर्णपणे प्रतिष्ठित आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1958 मध्ये या तबकड्यांकडे आधुनिक काळाचे मिथक म्हणूनच पाहिले होते. रात्री जाग यावी, शरीर हलू नये, छातीवर दाब जाणवावा आणि खोलीत कोणीतरी उभे आहे अशी खात्री वाटावी, या अवस्थेला निद्रा-पक्षाघात म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो अनुभव येतो, आणि बिछान्यापाशी आलेल्या आगंतुकांच्या कित्येक कथा त्याच्याशी तपशीलवार जुळतात. ‘अभौतिक वस्तू’ नावाची तिसरी शक्यता या दोहोंच्या मध्ये उभी केली जाते ती मुख्यतः एका सोयीसाठी: पुरावा मिळाला तर ती वस्तू होती, नाही मिळाला तर ती अभौतिक होती. ज्या विधानाला दोन्ही निकाल सारखेच मानवतात ते तपासायचे कसे, हे मला कळत नाही.

उच्च मितींच्या बाबतीत असे होत नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण तबकड्यांच्या सत्तर वर्षे आधीचे आहे. लाइपझिग विद्यापीठातील खगोलभौतिकशास्त्रज्ञ योहान झ्योल्नर यांनी 1877 मध्ये आत्म्यांशी संपर्क साधून देण्याचा दावा करणाऱ्या हेन्री स्लेड नावाच्या माध्यमाला घेऊन प्रयोग केले. स्लेडला त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये फसवणुकीच्या आरोपावरून न्यायालयात उभे राहावे लागले होते. झ्योल्नर यांची धारणा अशी की आत्मे चौथ्या मितीत राहतात, आणि गंमत म्हणजे त्यांनी आखलेल्या कसोट्या अगदी अचूक होत्या. दोन्ही टोके लाखेने बंद केलेल्या दोरीला न तोडता गाठ पडली पाहिजे, कारण चार मितींत दोरीची गाठ टिकतच नाही, ती सरकवून सोडवता किंवा घालता येते. दोन वेगवेगळ्या लाकडांच्या, जोड नसलेल्या अखंड कड्या एकमेकींत अडकल्या पाहिजेत. आणि टार्टारिक आम्लाचे जे स्फटिक प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल उजवीकडे वळवतात ते डावीकडे वळवणारे झाले पाहिजेत, कारण चौथ्या मितीत अर्धी गिरकी घेऊन परतलेली वस्तू स्वतःची आरशातली प्रतिमा होते. उजवा हातमोजा डावा करण्याचा तोच एक रस्ता आहे. निकाल काय लागला? गाठी पडल्या; आणि गाठी हा हातचलाखीचा जुनाच प्रांत. कड्या एकमेकींत अडकल्या नाहीत, त्या एका छोट्या टेबलाच्या पायात सापडल्या. आम्ल होते तसेच राहिले. जिथे चलाखीला वाव होता तिथे चमत्कार झाला आणि जिथे रेणूला फसवणे भाग होते तिथे झाला नाही.

झ्योल्नर यांची ही रासायनिक कसोटी आजही तितकीच धारदार आहे. चौथ्या मितीतून नेऊन परत आणलेल्या माणसाचे हृदय उजवीकडे सरकलेले सापडण्याची शक्यता अर्धी तरी असायला हवी, आणि असा माणूस घरी येऊन जेवायला बसला तर उपाशी मरेल, कारण त्याच्या शरीरातली विकरे (एन्झाइम) आपल्या प्रथिनांना व शर्करांना चुकीच्या हाताने पकडू पाहतील. अपहरणाच्या असंख्य कथा मी वाचल्या आहेत. पचनाची अशी तक्रार त्यांपैकी एकीतही आढळली नाही.

आता विचारणाऱ्याच्या पहिल्या कारणाकडे येतो: क्षणात प्रकटणे आणि नाहीसे होणे. याचे नेहमीचे चित्र असे की कागदावर राहणाऱ्या सपाट जीवांच्या जगातून एखादा चेंडू आरपार गेला तर त्यांना आधी ठिपका दिसेल, मग वाढत जाणारे वर्तुळ, मग लहान होत जाणारे वर्तुळ आणि शेवटी काहीच नाही. त्याच धर्तीवर चार मितींचा गोल आपल्या अवकाशातून गेला तर आपल्याला एक गोल हवेतून उगवताना, फुगताना आणि विरून जाताना दिसेल. इथवर सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. पण हिशेब एक पाऊल पुढे न्यायला काहीच कठीण नाही. समजा चार मितींच्या गोलाची त्रिज्या 10 मीटर आहे आणि तो चौथ्या दिशेने सेकंदाला 1 मीटर या वेगाने आपल्या जगातून जातो आहे. मग तो आपल्याला 20 सेकंद दिसेल. पहिल्याच सेकंदाच्या अखेरीस त्याची दृश्य त्रिज्या 100 वजा 81 यांचे वर्गमूळ, म्हणजे 4.36 मीटर होईल. दुसऱ्या सेकंदाअखेर 6 मीटर, पाचव्याअखेर 8.66 मीटर, आणि पाचव्यापासून पंधराव्या सेकंदापर्यंत ती जवळजवळ तशीच राहील. आकस्मिक फुलणे, लांबलेला स्थिर काळ आणि आकस्मिक मिटणे असा हा आलेख आहे. तो कोणत्याही व्हिडिओवर चौकटीगणिक ताडून पाहता येतो.

आणि आवाजाचे काय? 10 मीटर त्रिज्येच्या गोलात सुमारे 4,200 घनमीटर हवा मावते, म्हणजे जवळजवळ पाच टन. ती हवा बाजूला सारावी लागेल. वरच्या सूत्रानुसार गोलाचा पृष्ठभाग ज्या वेगाने पसरतो तो त्रिज्या लहान असताना प्रचंड असतो, आणि वस्तू जितक्या झपाट्याने येते-जाते तितका तो वाढतो. हाच गोल सेकंदाला 100 मीटर वेगाने गेला, म्हणजे एकूण पाव सेकंदाहूनही कमी काळ दिसला, तर सुमारे 3 मीटर त्रिज्येपर्यंत त्याचा पृष्ठभाग ध्वनीपेक्षा जलद पसरत असेल. त्याचा परिणाम कानठळ्या बसवणाऱ्या धडाक्यात होईल, आणि तो नाहीसा होताना पोकळीत हवा कोसळून दुसरा धडाका. ‘क्षणात आणि निःशब्द’ या दोन गोष्टी उच्च मितींच्या बाजूने पुरावा म्हणून एकत्र सांगितल्या जातात, पण उच्च मितींचे गणित मान्य केले तर त्या एकत्र नांदू शकत नाहीत. यावर उत्तर येते की ती वस्तू हवेला ढकलत नाही, हवेतून आरपार जाते. ठीक आहे, पण हवेच्या रेणूंना ढकलणारे बल आणि प्रकाश परावर्तित करणारे बल हे एकच आहे, विद्युतचुंबकीय. जी वस्तू पहिल्याला दाद देत नाही ती दुसऱ्याला देऊ लागली तर का, हे कोणीतरी सांगायला हवे.

इथून आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो, आणि तो गाभा प्रकाशाचा आहे. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: दसपट दूर गेलो की शतांश. याचे कारण एवढेच की प्रकाश तीन मितींत पसरतो आणि गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. प्रकाशाला मोकळी चौथी मिती उपलब्ध असती तर तो त्रिज्येच्या घनाने पातळ झाला असता आणि दसपट अंतरावर हजारांश उरला असता. प्रयोगशाळेच्या टेबलावरचा साधा प्रकाशमापक हे नाकारतो. गुरुत्वाकर्षणाचेही तसेच. पॉल एरेनफेस्ट यांनी 1917 मध्येच दाखवले की तीनपेक्षा अधिक मोकळ्या मितींत ग्रहांच्या कक्षा स्थिर राहत नाहीत. ग्रह एक तर ताऱ्यात कोसळतो किंवा दूर भिरकावला जातो.

म्हणून जे भौतिकशास्त्रज्ञ अधिक मितींचा गंभीरपणे विचार करतात त्यांना त्या मिती लपवाव्या लागतात, आणि लपवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला कालुत्सा आणि क्लाइन यांचा, 1921 व 1926 चा: अधिकची मिती इतक्या लहान वेटोळ्यात गुंडाळलेली आहे की अणूलाही तिच्यात शिरायला जागा नाही. तंतुसिद्धान्ताच्या (स्ट्रिंग थिअरीच्या) दहा मितींपैकी सहा बहुधा अशाच मानल्या जातात. अशा वेटोळ्यात यान लपणे अशक्य आहे हे वेगळे सांगायला नको. दुसरा मार्ग 1998-99 मध्ये पुढे आला: मिती मोठी असू शकते, पण पदार्थ आणि प्रकाश आपल्या त्रिमितीय ‘पडद्या’ला चिकटलेले आहेत, आणि फक्त गुरुत्वाकर्षण बाहेर झिरपू शकते. ही कल्पना खरोखर सुंदर आहे आणि तिची तपासणीही झाली आहे. नाजूक पीळतराजूने केलेल्या मापनांत गुरुत्वाकर्षणाचा वर्गव्यस्त नियम केसाच्या जाडीइतक्या, सुमारे 50 मायक्रोमीटर अंतरापर्यंत तसाच टिकलेला आढळला आहे. कणांच्या टकरी घडवणाऱ्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रामध्ये झिरपण्याची खूण सापडलेली नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेली गुरुत्वलहरही वाटेत कुठे गळून क्षीण झालेली दिसली नाही.

पण समजा ही मापने बाजूला ठेवली आणि असा पडदा व त्यापलीकडचा विस्तार आहेच असे मानले, तरी तबकड्यांची बाजू सुधारत नाही. प्रकाश जर पडद्यालाच चिकटलेला असेल, तर पडद्याबाहेर असलेली कोणतीही गोष्ट आपल्याला दिसणारच नाही, आणि जे दिसते ते पडद्यावर, म्हणजे इथेच आहे. ते इथे आले की त्याला वजन आहे, जडत्व आहे, हवा त्याच्या आड येते. सर्व नियम लागू होतात.

याला उत्तर म्हणून अलीकडे ‘होलोग्राफिक तत्त्वा’चा दाखला दिला जातो. 26 जुलै 2023 रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी साक्ष देताना या तत्त्वाचा उल्लेख केला आणि उच्च मितींच्या अवकाशातून खालच्या मितींत प्रक्षेपण होण्याची शक्यता बोलून दाखवली. हे तत्त्व जेरार्ड ट हूफ्ट आणि लिओनार्ड ससकिंड यांनी 1990 च्या दशकात मांडले, आणि 1997 मध्ये हुआन माल्दासेना यांनी त्याला नेमके गणिती रूप दिले. ते असे म्हणते की एखाद्या प्रदेशाच्या आत घडणाऱ्या सगळ्याचे वर्णन त्या प्रदेशाच्या सीमेवरील सिद्धान्ताच्या भाषेतही पूर्णपणे करता येते. एकाच हकिकतीच्या या दोन भाषा आहेत. एका भाषेतून दुसरीत भाषांतर होते, प्रवास होत नाही. मूळ मराठी कादंबरीतले पात्र तिच्या कन्नड अनुवादात ‘पोहोचले’ असे म्हणण्याइतकाच त्याला अर्थ आहे.

विचारणाऱ्याची दुसरी आणि तिसरी कारणे, म्हणजे निःशब्द वेग आणि अशक्य वळणे, यांच्यासाठी उच्चमितीवाद्यांकडे एक युक्तिवाद आहे, आणि तो मला त्यांच्या भात्यातला सर्वांत चांगला वाटतो. सावलीला वस्तुमान नसते. जमिनीवरून लेसरचा झोत चंद्रावर टाकून मनगट फिरवले तर चंद्रावरचा ठिपका प्रकाशाहूनही वेगाने सरकू शकतो, आणि त्यात कोणताही नियम मोडत नाही, कारण काहीही एका जागेहून दुसरीकडे गेलेले नसते. मग तबकडी ही अशीच वरच्या मितीतील हालचालीची सावली असेल तर? युक्तिवाद देखणा आहे, पण चंद्रावरचा ठिपका आपल्याला दिसतो तो तिथल्या धुळीमुळे. ठिपक्याला पडायला काहीतरी लागते. मोकळ्या हवेत तसा पृष्ठभाग नाही. रडारच्या लहरी परतवायच्या तर त्या जागची हवा आयनीभूत व्हायला हवी, म्हणजे तिच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटायला हवेत, आणि आयनीभूत हवा नायट्रोजन व ऑक्सिजनच्या ठरावीक रंगरेषांनी चमकते. म्हणजे सावलीची उपपत्ती खरी असेल तर प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या साध्या वर्णपटमापकातून त्या रेषा दिसल्या पाहिजेत आणि त्यांच्या तीव्रतेवरून खर्ची पडलेली ऊर्जाही काढता आली पाहिजे. असा वर्णपट घेण्याचे काम अशक्य नाही. चीनमध्ये 2012 साली विजांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या उपकरणात योगायोगाने गोलक वीज सापडली, आणि तिच्या वर्णपटात सिलिकॉन, लोह व कॅल्शियम या मातीतल्या मूलद्रव्यांच्या रेषा निघाल्या. शतकानुशतके साक्षींवर चाललेल्या वादाला त्या एका नोंदीने जी दिशा दिली ती हजार साक्षींना देता आली नव्हती.

साक्षींना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, उलट त्या बऱ्याचदा वाटते त्याहून अचूक असतात. चुकतो तो अर्थ. एका संयमी, वयस्क गृहस्थांनी एकदा मला कळवले की संध्याकाळी निरभ्र आकाशात एक तेजस्वी दिवा आवाज न करता नैर्ऋत्येकडून चढत डोक्यावर आला आणि ईशान्येकडे उतरता उतरता, आड एकही ढग नसताना, चार-पाच सेकंदांत विझला. ‘तो दुसऱ्या जगात शिरला,’ हे त्यांचे शब्द. मी त्यांना त्याच जागी उभे केले, हात ताठ पसरून मुठी मोजायला लावल्या, कारण पसरलेल्या हाताची एक मूठ आकाशात साधारण 10 अंश व्यापते. विझण्याची जागा क्षितिजापासून साडेचार मुठी वर भरली. त्या वेळेचा हिशेब मांडला तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नेमके त्याच दिशेला, तेवढ्याच उंचीवर पृथ्वीच्या सावलीत शिरत होते. पण मला त्यांचे खरे कौतुक वाटले ते एका जाताजाता सांगितलेल्या गोष्टीसाठी: विझण्याआधी दिवा तांबूस झाला होता. सावलीच्या कडेवर स्थानकावर पडणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून गाळून येतो, म्हणून तो लाल होतो. त्यांनी 400 किलोमीटर उंचीवरचा सूर्यास्त जमिनीवरून पाहिला होता आणि प्रामाणिकपणे नोंदवलाही होता.

वैमानिकांच्या आणि लष्करी कॅमेऱ्यांच्या नोंदींतही हेच घडते, फक्त हिशेबाला थोडी त्रिकोणमिती लागते. अमेरिकन नौदलाच्या ‘गो फास्ट’ नावाने गाजलेल्या चित्रफितीत एक ठिपका समुद्राला लगटून भन्नाट वेगाने जाताना दिसतो. पडद्यावरचे आकडे वाचले तर विमान 25,000 फुटांवर आहे, वस्तूचे अंतर एका क्षणी सुमारे 3.4 सागरी मैल, म्हणजे 20,650 फूट आहे, आणि कॅमेऱ्याचा रोख क्षितिजाच्या 35 अंश खाली आहे. 35 अंशांची ज्या (साइन) 0.574 घेतली तर वस्तू विमानाच्या जवळजवळ 11,850 फूट खाली, म्हणजे समुद्रापासून 13,000 फुटांहून अधिक उंचीवर निघते. ती समुद्राजवळ नाहीच. तिचा भासलेला वेग बहुतांशी विमानाचाच आहे. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर 2023 च्या अहवालात हाच हिशेब करून तिचा सरासरी वेग ताशी 40 मैल काढला. वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूला तेवढा पुरतो.

मग 14 नोव्हेंबर 2004 रोजी कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी पॅसिफिकवर पाहिलेल्या पांढऱ्या, लांबट वस्तूचे काय? तिचा समाधानकारक उलगडा माझ्यापाशी नाही. पण त्या प्रकरणातली थक्क करणारी हालचाल साक्षीत आहे. चित्रफीत नंतर दुसऱ्या वैमानिकांनी घेतली आणि तिच्यात तशी हालचाल दिसत नाही. अंतर ठाऊक नसेल तर वेग काढता येत नाही आणि वेग नसेल तर प्रवेग काढता येत नाही, म्हणून अशा नोंदीवरून ‘कोणत्याही पदार्थाला हे जमणार नाही’ असे म्हणणे म्हणजे गृहीत धरलेल्या अंतराबद्दल बोलणे आहे. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या चौकशीने 1969 पर्यंत 12,618 नोंदी तपासल्या आणि 701 अनुत्तरित ठेवल्या. जून 2021 च्या गुप्तवार्ता अहवालातील 144 नोंदींपैकी एकाच नोंदीचा खात्रीने उलगडा झाला, तो एक हवा जाणारा फुगा होता. हे आकडे पाहून लोकांना वाटते की उरलेल्या नोंदी एका रहस्यमय जातीच्या आहेत. माझा अनुभव असा की उरलेल्या नोंदींत समान धागा असतो तो माहितीच्या तुटीचा: वेळ अंदाजे, दिशा नाही, दुसरा निरीक्षक नाही, अंतर तर नाहीच.

तरीही ‘उलगडले नाही म्हणजे काहीच नाही’ असे मी म्हणणार नाही, कारण इतिहास तसे सांगत नाही. वादळी ढगांच्या वर लालसर प्रकाशस्तंभ दिसतात असे वैमानिक कित्येक दशके सांगत होते आणि कोणी फारसे मनावर घेत नव्हते. 1989 मध्ये एका कॅमेऱ्याने ते अपघाताने टिपले आणि आज ‘स्प्राइट’ हा विद्युतशास्त्रातला सर्वमान्य विषय आहे. नॉर्वेच्या हेस्डालेन खोऱ्यातील दिव्यांवर 1980 च्या दशकापासून उपकरणे रोखलेली आहेत, आणि तिथले काही प्रकाश अजूनही कोड्यात टाकतात. या दोन्ही ठिकाणी शोध पुढे सरकला तो कॅमेरा आणि वर्णपटमापक यांच्यामुळे, आणि दोन्ही ठिकाणी जे हाती आले ते याच जगातले, आधी ठाऊक नसलेले भौतिकशास्त्र होते.

माझे मत कशाने बदलेल, हेही सांगणे न्यायाचे आहे. दोन कॅमेरे एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर, घड्याळे जुळवलेली, म्हणजे अंतर गृहीत धरावे लागणार नाही. एका कॅमेऱ्यापुढे वर्णपटासाठी जाळी. शेजारी चुंबकत्वमापक आणि मायक्रोफोन. हार्वर्डमधील गॅलिलिओ प्रकल्पासारखे काही गट 2021 पासून साधारण अशाच मांडणीकडे वळले आहेत आणि मला तो मार्ग योग्य वाटतो. अशा मांडणीत एखादी वस्तू दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच बिंदूतून उगवली, तिची त्रिज्या वर सांगितलेल्या वर्गमुळाच्या आलेखाने वाढली, मधला काळ स्थिर राहिली आणि तशीच मिटली, तर मी माझे हे सगळे उत्तर मागे घेऊन नव्याने विचाराला बसेन. आणि त्या नोंदीत सर्वांत आधी चित्र न पाहता मी ध्वनीचा आलेख उघडेन: वस्तू मिटल्यावर, अंतराला ध्वनीच्या वेगाने भागून येणाऱ्या सेकंदानंतर, पाच टन हवा कोसळल्याचा धक्का तिथे उमटला आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी.